बदली माल, कायम मुक्काम

दसऱ्याला आपण एकमेकांच्या हातात आपट्याचं पान ठेवतो आणि ‘सोनं घ्या’ म्हणतो. देणाऱ्याला ठाऊक असतं की हे पान आहे. घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. ते मोडायला कुणी सराफाकडे जात नाही.

इतका प्रामाणिक बदली माल दुसरा नाही.

पण थांबा. नाक्यावर जुडी विकत घेता, ती आपट्याचीच असते का? बऱ्याचदा कांचनाची असते. दोन्ही झाडं एकाच कुळातली, पान तसंच दुभंगलेलं, कांचनाचं जरा मोठं. सोन्याच्या जागी आपटा, आपट्याच्या जागी कांचन. विकणारा ओरडतो मात्र ‘आपटा घ्या, आपटा!’

पहिली अदलाबदल दोघांना माहीत होती. दुसरी एकालाच.

सगळी गोम इथं आहे.

बदली मालावर आपला राग असायचं कारण नाही. आपला देवधर्मच त्यावर चालतो. देवाला दागिने नाहीत? अलंकारार्थे अक्षता. वस्त्र नाही? कापसाचं चालेल. मूर्ती नाही? सुपारी मांडा. यादीतली एक वस्तू कमी पडली म्हणून गुरुजींनी पूजा थांबवल्याचं कधी ऐकलंय?

दक्षिणेच्या जागी मात्र अक्षता चालत नाहीत.

उत्तरकांडातली गोष्ट आठवा. यज्ञाला पत्नी शेजारी हवी आणि सीता तर वनात. मग सोन्याची सीता करून बसवली. यज्ञ यथासांग पार पडला. कीर्तनकार हा प्रसंग रामाच्या एकपत्नीव्रताचा दाखला म्हणून सांगतात, आपणही माना डोलावतो.

खरी सीता कुठं आहे, हा प्रश्न मात्र यज्ञापुरता मिटला. बदली बसवण्याचा मोठा फायदा हाच असतो. मूळ माणसाला परत आणायची घाई कुणालाच उरत नाही.

तरीही बदलीला नावं ठेवण्याआधी मराठी रंगभूमीकडे बघा. बायकांनी नाटकात काम करायचं नाही, असा दंडक होता, म्हणून पुरुष लुगडं नेसून उभे राहिले. त्यांतून बालगंधर्व झाले. त्यांची नेसण्याची, गजरा माळण्याची ढब घरंदाज बायका उचलू लागल्या.

अस्सल मालानं बदली मालाची नक्कल केली, असं क्वचितच घडतं.

सिनेमात पार्श्वगायन आलं आणि पडद्यावरच्या ओठांना दुसऱ्याचा गळा मिळाला. १९४९ सालच्या ‘महल’च्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. ते मधुबालेच्या पात्राचं नाव! म्हणजे गळा देणारीला नावही उसनंच. श्रोत्यांनी चौकशीचा लकडा लावला, तेव्हा लता मंगेशकर हे नाव लोकांपर्यंत गेलं.

पाटी लावल्यानं लताबाईंचं काय बिघडलं? मग बाकीच्यांना पाटीची इतकी भीती का?

भीती कुठली, ते स्वयंपाकघरात कळतं.

१९३७ साली डालडा आला. शिवडीच्या कारखान्यातून पिवळे डबे निघाले, डब्यावर ताडाचं झाड. साजूक तूप परवडत नव्हतं त्यांच्या घरी निदान बुंदी तळली गेली. इथवर तक्रार नाही. डब्यावर तूप लिहिलेलं नव्हतं. पण तूपवाल्यांना त्या डब्यात वेगळीच संधी दिसली. डालडा तुपात घाला आणि तुपाच्या भावानं विका.

स्वातंत्र्यानंतर वनस्पती तुपाला रंग द्यावा, म्हणजे भेसळ दिसेल, अशी चर्चा बरीच झाली. मनासारखा रंग सापडला नाही. शेवटी सरकारनं नामी युक्ती काढली. वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं. तिळाचं तेल रासायनिक चाचणीत लालसर रंग दाखवतं. तुपाचा नमुना लाल झाला, की समजायचं, आत डालडा आहे.

चोराच्याच खिशात सरकारनं खबऱ्या बसवला. असं डोकं नंतर पुन्हा चाललेलं दिसत नाही.

पुढं कळलं, की तेल घट्ट करण्याच्या खटाटोपात तयार होणारी ट्रान्स फॅट हृदयाला घातक असते. ती २ टक्क्यांच्या आत हवी, हा नियम देशात लागू झाला जानेवारी २०२२ मध्ये. डालडा आल्यापासून ८५ वर्षांनी!

बदली माल घरात यायला एक दिवस लागतो. त्याची तपासणी व्हायला तीन पिढ्या.

आता पनीर. मार्च २०२५ मध्ये एका आमदारानं नकली पनीर थेट विधानसभेत आणून दाखवलं. सभागृह हादरलं, म्हणे. दुधाऐवजी पामतेल, स्टार्च वगैरे घालून पनीरसारखी दिसणारी वडी करतात, तिला अॅनालॉग म्हणतात. ती बनवणं बेकायदा नाही. पाकिटावर तसं छापलं की झालं.

पाकिटावर छापलेलं असतंही. पण पाकीट फुटतं हॉटेलच्या भटारखान्यात आणि आपण बसलेलो असतो बाहेर, एसीत.

पनीर टिक्का, पनीर अंगारा, पनीर तुफानी. त्या मेनूत पनीर सोडून बाकी सगळं खरं असू शकतं.

आइस्क्रीमचं तेच. दुधाच्या स्निग्धांशाचं असेल तर आइस्क्रीम. वनस्पती तेलाचं असेल तर फ्रोजन डेझर्ट, आणि तसं वेष्टनावर लिहायचं. २०१७ मध्ये एका दूधवाल्या कंपनीनं जाहिरातीत हा फरक जरा जास्तच खुलवून सांगितला. तेलवाली कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयानं जाहिरात रोखली, २०१८ मध्ये खंडपीठानंही तेच कायम केलं. निकालपत्रं लांबलचक आहेत.

हा फरक समजून घ्यायला न्यायमूर्तींना तारखा पडल्या. आपण तो ढकलगाडीच्या छत्रीखाली, पोराचं बोट धरून, अर्ध्या मिनिटात समजून घ्यायचा.

आंब्याची गोष्ट आणखी रंगतदार आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर, या पाच जिल्ह्यांतलाच तो हापूस. बाकीच्यांनी ते नाव लावायचं नाही. कर्नाटकातून येणारा आंबा वाईट असतो का? मुळीच नाही. तो आपल्या नावानं, आपल्या भावानं विकला तर लोक खुशाल खातील.

पण तो कोकणच्या पेटीत शिरतो. आंबा कानडी, खालची रद्दी मराठी!

या सगळ्यात गंमत पाहा. बदली चालते त्या एका ठिकाणी आपण हटकून नाक मुरडतो. ते ठिकाण म्हणजे औषधाचं दुकान. जनऔषधी योजना २००८ पासून आहे. औषधातला मूळ घटक तोच, मात्रा तीच, नाव मोठ्या कंपनीचं नाही म्हणून किंमत कमी. आपली पहिली प्रतिक्रिया काय? ‘इतकं स्वस्त? मग गुण कसा येईल?’

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं डॉक्टरांना जेनेरिक नावानंच औषध लिहायला सांगितलं. दर्जाची हमी कोण देणार, असं डॉक्टरांच्या संघटनेनं विचारलं. प्रश्न रास्त होता. त्यावर उत्तर काय यायला हवं? तपासणी वाढवतो. आलं काय? त्याच महिन्यात नियमच स्थगित झाला.

पनीर बघायचं नाही, गोळी चालू द्यायची नाही. आपला संशयही बरोबर चुकीच्या दुकानात जातो.

खेळाचं मैदान तरी स्वच्छ असेल? ३१ जानेवारी २०२५, पुण्याजवळचं गहुंजे, इंग्लंडविरुद्ध टी-ट्वेंटी. शिवम दुबेनं ५३ धावा काढल्या, शेवटच्या षटकात हेल्मेटवर चेंडू बसला. डोक्याला मार लागला तर बदली खेळाडू घेता येतो. २०१९ पासून हा नियम आहे आणि नियम चांगला आहे. अट एकच. ज्याच्या जागी आला, त्याच्यासारखाच तो हवा.

दुबे म्हणजे फलंदाज, अधूनमधून मध्यमगती टाकणारा. त्याच्या जागी आला हर्षित राणा, अस्सल वेगवान गोलंदाज. ३३ धावांत ३ बळी घेतले, भारत १५ धावांनी जिंकला. एक तर दुबेचा वेग तासाला २५ मैलांनी वाढलेला दिसतो, नाहीतर राणाची फलंदाजी फारच सुधारलेली दिसते, असा टोमणा इंग्लंडच्या बटलरनं मारला. सामनाधिकाऱ्यांना दोघे सारखे वाटले, आपल्याला सामना जिंकल्याचं वाटलं.

हेच इंग्लंडनं केलं असतं तर आपल्या चॅनेलांवर किती दिवस चर्चा रंगली असती?

आयपीएलनं तर २०२३ पासून बदलीचा उत्सवच मांडला. इम्पॅक्ट प्लेअर! अकरांचा खेळ बारा जणांचा झाला. रोहित शर्मा २०२४ मध्ये म्हणाला, की हे आपल्याला फारसं पटत नाही, यात अष्टपैलू खेळाडू मागं पडतात. दुबेसारख्यांना गोलंदाजीच मिळत नाही, असंही तो म्हणाला.

वर्ष उलटायच्या आत दुबेला गोलंदाजी मिळाली. फक्त ती राणानं टाकली.

मैदान सोडा, मतदान केंद्रावर या. नावाला नाव लावून उमेदवार उभा करणं हा आपल्याकडचा जुना कुटिरोद्योग. २०१४ मध्ये रायगड लोकसभेत सुनील तटकरे २,११० मतांनी पडले. त्याच नावाच्या एका अपक्षानं मतं घेतली ९,८४९.

मतदारांना तटकरेच हवे होते. कुठले, एवढाच घोळ झाला.

निवडणूक आयोगानं धडा घेतला आणि २०१५ पासून मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो आला. प्रश्न सुटला? छे. नाव जमत नसेल तर चिन्ह जमवा. २०२४ मध्ये शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. अपक्षांना ट्रम्पेट मिळालं, म्हणजे गावच्या भाषेत पिपाणी. साताऱ्यात पवारांचे शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले. तिथली पिपाणी घेऊन गेली ३७,०६२ मतं. दिंडोरीत तर पिपाणीवाल्याचं आडनावही भगरे आणि तुतारीवाल्याचंही भगरे. पिपाणीला एक लाखाहून जास्त मतं पडली. तुतारीवाले भगरे तरीही निवडून आले.

प्रचारावर एक रुपया न घालवता लाखभर मतं मिळवायची असतील, तर धोरण नको, कार्यकर्ते नकोत. आडनाव आणि वाद्य पुरे.

आणि तुमच्या नावावर दुसराच कुणी मत देऊन गेला तर? घाबरू नका, कायद्यात सोय आहे. निवडणूक नियमांतला ४९-पी. तुम्ही ओळख पटवलीत, की तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते. तिला टेंडर व्होट म्हणतात. तुम्ही शिक्का मारता, ती पाकिटात जाते, पाकिटाला सील लागतं.

आणि मोजणीत ती धरली जात नाही. प्रकरण न्यायालयात गेलं आणि न्यायालयानं सांगितलं, तरच पाकीट उघडतं.

म्हणजे तोतयाचं मत यंत्रात, तुमचं पाकिटात. एका मतानं काय फरक पडतो, असं म्हणू नका. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वाऱ्याला काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष सी. पी. जोशी एका मतानं पडले होते.

निवडून आल्यावर तरी खरा माणूस खुर्चीत बसतो का? ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, महाराष्ट्रानं २०११ मध्ये स्थानिक संस्थांत बायकांसाठी निम्म्या जागा राखल्या. गावोगाव सरपंचबाई आल्या. सोबत सरपंचपतीही आले. सही बाईंची, शिक्का भाऊसाहेबांच्या खिशात. ग्रामसभेत खुर्ची बाईंची, माईक भाऊसाहेबांचा.

२४ एप्रिल २०१५ ला खुद्द पंतप्रधानांनी किस्सा सांगितला. एकानं आपली ओळख ‘एसपी’ अशी करून दिली. पोलीस अधीक्षक नव्हे, सरपंचपती! सभेत हशा पिकला. ही पद्धत संपली पाहिजे, असंही पंतप्रधान म्हणाले.

हसणाऱ्यांत एसपी किती होते, हे कुणी मोजलं नाही.

नाण्याची दुसरी बाजूही बघू. शेकडो गावांत बाईंनी भाऊसाहेबांना घरी बसवलं आणि कारभार हाती घेतला. तिथं बदली संपली, कारण बाईंनी विचारलं, ‘माझा शिक्का कुठंय?’

हा प्रश्न शहरांना मात्र सुचत नाही. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. दुसऱ्या दिवशी प्रशासक बसले. तात्पुरते हं! पुण्याचंही त्याच महिन्यात तेच झालं. नवी मुंबई आणि औरंगाबाद तर २०२० पासूनच या रांगेत. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी, असं घटनेचं कलम २४३-यू सांगतं. प्रभाग किती, आरक्षण किती, याचे वाद न्यायालयात अडकले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दट्ट्या द्यावा लागला. मुंबईकरांनी मत दिलं ते जानेवारी २०२६ मध्ये.

तात्पुरती व्यवस्था जवळजवळ चार वर्षं टिकली. मुंबईतला नवा रस्ता टिकतो का इतका?

त्या काळातली एक मौज. २०२५-२६ चं मुंबईचं अंदाजपत्रक होतं ७४,४२७ कोटींचं. आयुक्तांनी ते मांडलं आणि प्रशासकांनी मंजूर केलं. आयुक्त कोण, प्रशासक कोण? एकच गृहस्थ.

इतकं एकमत महापालिकेच्या इतिहासात कधी झालं नसेल.

तुमच्या वॉर्डातलं गटार तुंबलं तर त्या चार वर्षांत कुणाच्या दारात जायचं? नगरसेवक नव्हता. तो असतानाही गटार तुंबायचंच, हे मान्य. पण शिव्या कुणाला घालायच्या, हे तरी ठाऊक होतं.

महापालिका लहान गोष्ट झाली. विधानसभेचे अध्यक्ष नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये राजीनामा दिला. नवे अध्यक्ष आले ३ जुलै २०२२ ला. मधले सतरा महिने खुर्ची उपाध्यक्षांवर भागली. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा द्यायची वेळ आली, तेव्हा अध्यक्षच नव्हते. उपाध्यक्षांनी नोटिसा दिल्या, तर त्यांच्याच विरोधात अविश्वासाची नोटीस आलेली. मग त्यांना तो अधिकार आहे का, याचा कीस सर्वोच्च न्यायालयात पडला.

एक खुर्ची वेळेवर भरली असती, तर वकिलांची घरं कशी भरली असती?

विधान परिषदेनं विक्रम मोडला. जुलै २०२२ मध्ये सभापतिपद रिकामं झालं, भरलं डिसेंबर २०२४ मध्ये. तोवर उपसभापती. दिल्लीत उलटं. तिथं अध्यक्ष होते, पण सतराव्या लोकसभेनं २०१९ ते २०२४ अशी अख्खी पाच वर्षं उपाध्यक्षाविना काढली.

मुंबईत बदलीवर भागतं. दिल्लीत बदलीच लागत नाही.

पोलिसांचं काय? प्रभारी पोलीस महासंचालक ही भानगड कुठल्याही राज्यानं मनातसुद्धा आणू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१८ मध्ये बजावलं होतं. २०२१ मध्ये महाराष्ट्रानं काय केलं? प्रभारी नेमला नाही. एका अधिकाऱ्याला ‘अतिरिक्त कार्यभार’ दिला. कित्येक महिने तो चालला. मुंबई उच्च न्यायालयानं कान उपटले, तेव्हा फेब्रुवारी २०२२ मध्ये पूर्णवेळ महासंचालक मिळाला.

ही अक्कल पदं भरण्यात वापरली असती तर?

वर असं, मग खाली काय असणार? तलाठ्याकडं दोन-तीन सजांचा भार, ग्रामसेवकाकडं आणखी एक गाव. तुम्ही गेलात, की साहेब दुसऱ्या गावी. दुसऱ्या गावी गेलात, की साहेब तालुक्याला मिटिंगला. एक माणूस तीन जागी नेमला म्हणजे तीन जागा भरल्या, असं कागद म्हणतो.

तीन जागी एक माणूस म्हणजे प्रत्येक जागी गैरहजेरी. हे गणित चौथीच्या पोराला येतं.

अर्थात ते शिकवायला चौथीला शिक्षक हवा. राज्यानं २००० साली शिक्षणसेवक आणले. काम शिक्षकाचं, पगाराऐवजी मानधन. प्राथमिकला महिना ३,००० रुपये, तीन वर्षं. २०२३ मध्ये तेच मानधन १६,००० झालं. महाविद्यालयात तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आहेत. नेट, सेट, पीएचडी सगळं झालेलं, पगार तासावर. सुट्टी लागली, की उत्पन्नाला सुट्टी. तास घेतात पूर्णवेळ प्राध्यापकाच्या तोडीचे, पण स्टाफरूममध्ये कपाट मिळत नाही.

महाविद्यालयाचा दर्जा तपासायला नॅकची समिती आली, की मात्र पहिल्या रांगेत त्यांनाच बसवतात.

कंत्राटी माणूस कायम व्हायला गेला, की त्याच्या तोंडावर २००६ चा उमादेवी निकाल फेकतात. भरतीचे नियम डावलून मागच्या दारानं आलेल्यांना कायम करायचं नाही, असं घटनापीठानं त्यात म्हटलं होतं. बरोबरच होतं. पण मागचं दार उघडं ठेवतो कोण? सरकार. त्यातून आत घेतो कोण? सरकार. आणि वीस वर्षांनी ‘तू मागच्या दारानं आलास’ म्हणून हिणवतो कोण?

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगातल्या सफाई कर्मचाऱ्यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच सुनावलं. उमादेवीचा निकाल कष्टकऱ्यांना वर्षानुवर्षं राबवून घ्यायची ढाल नाही. झाडलोट रोज लागते. मग झाडणारा तात्पुरता कसा?

ही अक्कल नवी नाही. गिरणगावात ती होती. सकाळी गिरणीच्या दारात बदली कामगार उभे राहायचे. कायम कामगार आला नाही तर काम, आला तर घरचा रस्ता. भोंगा वाजेपर्यंत आज चूल पेटणार की नाही, हे ठरायचं नाही. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघटनेनं बदलीची पासपद्धत आणली, म्हणजे निदान कुणाची पाळी आधी याला काही शिस्त लागली.

औद्योगिक विवाद कायद्यात तर चोख कलम बसवलं होतं, २५-सी. बदली कामगार म्हणजे हजेरीपटावरच्या दुसऱ्या कामगाराच्या जागी काम करणारा. ले-ऑफची भरपाई त्याला नव्हती. पण सलग एक वर्षाची सेवा झाली, की त्या भरपाईपुरता तो बदली राहत नसे.

एक वर्ष! गिरणीमालकाला कायदा एक वर्ष देत होता. सरकार स्वतःला वीस देतं.

गिरण्या गेल्या, तिथं मॉल आले. मॉलचे सुरक्षारक्षक कंत्राटी आहेत.

तेव्हा बदलीला हाकलून देण्यात अर्थ नाही. माणूस आजारी पडतो, तूप महागतं, खेळाडूच्या डोक्याला चेंडू लागतो. कुणीतरी जागा चालवायलाच हवी. चालवणाऱ्याचा दोषही नसतो. तासिकेवरचा प्राध्यापक पोटासाठी येतो, प्रभारी तलाठ्याला कुणी विचारून तिसरा सजा दिलेला नसतो. दोष त्याचा, ज्याचं बदलीत साधतं. पनीरवाल्याचे पैसे वाचतात, सरकारचा पगार वाचतो, पुढाऱ्याची निवडणूक टळते. ज्याची बचत होते, तो मूळ माल कशाला आणेल?

म्हणून दोनच गोष्टी मागायच्या. पाटी आणि मुदत. हे बदली आहे असं तोंडावर सांगा, आणि किती दिवस आहे तेही सांगा. दोन्ही गोष्टी या देशाच्या कायद्याला पूर्वीपासून येतात. डालड्याच्या डब्यात त्यानं तीळ घातले, गिरणीच्या दारात त्यानं वर्ष मोजलं. विसर पडला तो सोयीनं.

हॉटेलात पनीर कशाचं, हे वेटरला विचारा. तो हसेल, हसू द्या. पोराच्या शाळेत गणिताचा शिक्षक कायम की तासिकेवर, हे पालकसभेत उभं राहून विचारा. आणि सरकारी कागदावर ‘पुढील आदेशापर्यंत’ असं लिहिलेलं दिसलं, की त्या खात्याला एका ओळीचा अर्ज करा.

पुढील आदेशाची तारीख टाका.